लुकासच्या घरचं नेट कधी जात नाही

काही घरांत जुनी वर्तमानपत्रं साठतात, माझ्या पडवीत किस्से साठलेत. दोष सगळा निलेशचा! रोज चहा प्यायला येतो आणि एखादा टाकून जातो. आज बसलाच आहात, तर ऐका.

निलेश आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातला. पोरगा कॉम्प्युटर शिकला आणि नोकरी शोधता शोधता एका प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नादी लागला. ही भाषा कुठल्या कंपनीची नाही, जगभरचे लोक मिळून फुकट बनवतात. कोणीही सुधारणा पाठवावी, जाणत्यांनी तपासावी, पटली तर घ्यावी. आपली एक तरी सुधारणा त्यात जावी, एवढाच निलेशचा ध्यास. दिवेआगरला माझा होमस्टे, होमस्टेत वायफाय, म्हणून हा माझ्या पडवीत!

*

एकदा पुण्याचे पाहुणे तणतणत आले. "अहो, नेट किती स्लो!"

मी म्हटलं, "जरा दम धरा, पडवीत भाषा बनतेय."

जाताना त्यांनी आमच्या पेजवर शेरा लिहिला: "मोदक उत्तम. वायफाय नाही. मालक भाषेबद्दल काहीतरी बोलतात."

*

निलेशची सुधारणा काय, तर नेट मध्येच तुटलं की ही भाषा लगेच हात टेकायची. तिला पुन्हा प्रयत्न करायला शिकवायचं. तपासणारा होता जर्मनीतला लुकास. तो म्हणाला, "माझ्याकडे असं कधी होतच नाही."

होणार कसं? त्याच्या घरचं नेट जातच नाही!

"कसं घडतं ते पायरीपायरीने लिहून पाठव," लुकास म्हणाला. निलेश प्रामाणिक. त्याने लिहिलं, "एक, दिवेआगरला या. दोन, वाडीतला पाण्याचा पंप चालू करा. तीन, वीज दबते, नेट जातं."

लुकासचं उत्तर: "धन्यवाद. पंपाचं व्हर्जन कोणतं?"

*

निलेशची आई, जनाकाकू, बोंबील वाळत घालता घालता त्याला म्हणाली, "पगार न्हाय, तर करतोस कशाला?"

"आय, होडी किनाऱ्यावर खेचताना सगळा गाव दोरीला हात लावतो ना? कोण पगार मागतो?"

काकूने पुढचा बोंबील दोरीवर टाकला. मला वाटलं, पोरगा जिंकला. कसला जिंकतोय!

"व्हय. पन दोरी खेचनारा नंतर आपल्या होडीवर जातो. तुजी होडी कंची?"

तिथेच तिने शब्द घेतला. पावसाळ्याची बंदी संपून नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या निघणार. पहिल्या फेरीला निलेशने जायचंच; परत येईपर्यंत त्या लोकांनी त्याचं काम घेतलं तर ठीक, नाहीतर आख्खा सीझन मामाच्या होडीवर. मामा म्हणजे गणपत तांडेल, काकूचा भाऊ.

निलेशचा चेहरा उतरला. कोळ्याचं पोर खरं, पण आपल्याला गाडी लागते तशी त्याला होडी लागते! बंदरातून बाहेर पडायच्या आधीच उलट्या.

*

पौर्णिमा जवळ आली आणि लुकास गायब. आठ दिवस उत्तर नाही. शेवटी कळलं, साहेब सुट्टीवर नॉर्वेला गेलेत. मासे धरायला. हौसेने!

काकूने कपाळावर हात मारला. "तो तुजं काम सोडून मासं धराया गेला, आन तू मासं धरायचं सोडून त्याचं काम करतोस!"

*

पहिल्या फेरीला निलेश गेला. खिशात चार लिंबं. आणि नेमका त्याच सकाळी लुकास उगवला. जाताना निलेश लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला होता, म्हणून कळलं. "काम छान आहे. एकच प्रश्न. प्रयत्न किती वेळा करायचा? आणि तरी हाती काही आलं नाही तर पुढे काय? उत्तर आज दुपारपर्यंत हवं, नंतर हे व्हर्जन बंद."

निलेश समुद्रात, फोन लागेना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लॅपटॉप काखेत मारून काकूकडे धावलो. मासळीचे हात पदराला पुसत ती थेट मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर.

"निलेश रं, हाती काय न्हाय आलं तर कितीदा करायचं?"

पलीकडून नुसतेच ओकाऱ्यांचे आवाज. मग मामा बोलला, "तो वाकलाय. मी सांगतो. तीनदा टाकायचं. तीनदा रिकामं आलं की जागा बदलायची. तितंच टाकत बसतो तो येडा."

मी देवाचं नाव घेतलं आणि तेच जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं.

पाच मिनिटांत उत्तर. "अगदी बरोबर! तीनदा प्रयत्न, मग दुसरा सर्व्हर. घेतलं!"

खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. काकूही नाक ओढत होती, पण आवाज करडाच. "गनपत, घेतलं रं त्यांनी पोराचं काम! उद्यापासून त्याला सोड."

"सोडतो की. पन माजा एक मानूस कमी पडंल. त्या लुकासला इचार, येतो काय!"

मी विचारलं. लुकास यायला एका पायावर तयार आहे. त्याची एकच शंका: "होडीवर नेट चालतं ना?"