पहिले मले लागन

अकोल्यात आमच्या घरचा कूलर मारायचा. लोखंडी होता, बैठकीच्या खिडकीला बाहेरून लावलेला, आणि पाणी भरताना हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. यात कुणालाच विशेष वाटत नसे. पाहुण्यांना चहाआधी सांगून ठेवायचं, ‘चप्पल घालूनच जाजा तिकडं, जरा मारते थो.’ गल्लीतल्या बहुतेक घरांत कूलरपाशी एक रबरी चप्पल पडलेली असायचीच. मारकुट्या गायीबद्दल बोलावं तसं आम्ही बोलायचो. तिचा स्वभावच तसा, आपण सांभाळून राहावं.

बोर्डाला दोनच भोकं होती आणि कूलरच्या प्लगला तीन पिना. बाबांनी तिसरी पिन पक्कडीने तोडून टाकली. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण घरातली सगळी दुरुस्ती त्यांचीच. ‘हे कंपनीवाले उगीच देतेत,’ म्हणाले. आम्हालाही ते पटलं.

ते मे महिन्यात गेले. सकाळी कूलरच्या टाकीत पाइप सोडला होता, पंप चालूच होता, पाणी सांडून फरशी ओली झालेली, आणि त्या दिवशी पायात चप्पल नव्हती. आईने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर सगळं संपलं होतं. मला अमरावतीला फोन आला तेव्हा मी डब्यात पोळ्या भरत होते. डबा पूर्ण भरला, झाकण लावलं आणि मग निघाले. बडनेऱ्याहून गाडी सुटली, अकोला आलं, रडू काही आलं नाही. पुढेही आलं नाही. नातेवाइकांनी मला खंबीर ठरवलं. मी खंबीर नव्हते, मला काही वाटतच नव्हतं.

तेरावं झाल्यावर वायरमन बोलावला. त्याने अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. तीन भोकांचा बोर्ड लावला, कूलरचा पंप आणि वायर बदलली, करंट गळाला की आपोआप लाइन पाडणारा ब्रेकर बसवला. जाताना म्हणाला, उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी टाकत जा, माती कोरडी पडली तर अर्थिंगचा उपयोग नाही. बैल गेला नि झोपा केला, असं शेजारच्या काकू माझ्यामागे म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात? मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई कूलर सुरूच करू देईना. अकोल्याच्या उन्हात ओली चादर पांघरून पडायची. एका दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा उकाड्यात राहिलात तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही.

‘काहून भेतं एवढी? आता काई होत नाई,’ मी दर रविवारी येऊन सांगायचे. शाळेत हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात सांगायचे. शेवटी एकदाची ती तयार झाली. ‘लावतो. पण तू असशीन तवाच.’

त्या शनिवारी मी मुक्कामाला गेले, कूलर लागला आणि आम्ही दोघी गार वाऱ्यात झोपलो.

सकाळी उठून बाहेर आले तर आई खड्ड्यात पाणी ओतत होती. बादली ठेवून ती ओल्या अनवाणी पायांनी तशीच कूलरपाशी गेली, डोळे मिटले आणि चालू कूलरच्या पत्र्यावर अख्खा तळहात ठेवला. ठेवूनच उभी राहिली.

‘आई, काय करून राहिली?’

‘पाहून राहिली. तू इथं झोपतं. काई असन तं पहिले मले लागन.’

बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला भीती वाटली.

‘टेस्टरनं पाह्य ना मंग!’

‘टेस्टर तुह्या बाबापाशीबी होता.’

ब्रेकर आहे, अर्थिंग आहे, हे सगळं तिला पुन्हा सांगायचं होतं. ते न सांगता मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझाही हात पत्र्याकडे नेला. तिने तो इतक्या जोरात झटकला की मनगट दुखलं, आणि मी रडायला लागले.