चुन्याचा टिळा

ग्यानोबाच्या हातचं माळवद गळत नाही, अशी तेरणेकाठच्या पाच-सहा गावांत ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर ग्यानोबाला तिचा थोडा माजच होता. दगडामातीच्या जाडजूड भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर गढीवरून आणलेली पांढरी माती धुम्मसानं ठोकून बसवलेली, असं ते सपाट छप्पर. मे महिना उजाडला की त्याला जेवायला उसंत नसायची. "ग्यानोबा, औंदा आमचं आधी," म्हणत लोक सकाळीच दारात उभे. जुनी माती कुणी काढत नसे, तिच्यावरच नवी चार बोटं चढायची. आज्याच्या काळातली माती, तिच्यावर बापाच्या काळातली, तिच्यावर यंदाची. पाऊस आत येऊ नये एवढंच बघायचं. खालच्या तुळईला किती झेपतं, हे विचारायची रीतच नव्हती.

त्याचं स्वतःचं घर मात्र पत्र्याचं. बौद्धवाड्यात माळवद होतंच कुणाचं? साऱ्या गावाच्या डोक्यावर माती चढवली आणि आपल्या डोक्यावर पत्राच राहिला, असं तो स्वतःच हसत सांगायचा. मग थोरली लेक विशाखा शेजारच्या गावी दिली. जावई शाळेत शिपाई, म्हणजे सरकारी नोकरी. त्यानं दोन खणांचं माळवदाचं घर काढलं, त्या गावच्या बौद्धवाड्यातलं पहिलं. भिंती ग्यानोबानं रचल्या, आणि पुढे महिनाभर वाटेत भेटेल त्याला थांबवून ते सांगितलं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात विशाखा माहेरी आली.

"दादा, समद्या गावाचं माळवद तुमी गळू देत न्हाई, अन् तुमच्या लेकीला पावसाळाभर घरात पातेली मांडावी लागतेत," ती हसत म्हणाली.

हसत म्हणाली, पण त्याला ते लागलं. गावाला चार बोटं माती घालणाऱ्या ग्यानोबानं लेकीला वीतभर घातली. सहा दिवस स्वतः टोपल्या वाहिल्या, स्वतः माती ठोकली. त्याची बायको धुरपताबाई शिडीखाली उभी राहून ओरडली, "अवं, बास की आता! लेकीचं घर हाय का गढी?"

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणत त्यानं आणखी दहा टोपल्या चढवल्या.

त्या पावसाळ्यात तिच्या घरात थेंबसुद्धा आला नाही. पोळ्याला तिनं मुद्दाम निरोप धाडला, की पातेली फळीवर गेली म्हणून सांगा दादाला. तो निरोप त्यानं धुरपताबाईला तीनदा ऐकवला.

महिनाभरात, गणपती बुडाले त्या रात्री, पहाटेच्या सुमाराला जमीन हलली. ग्यानोबाचा पत्रा खडखडला, बाज सरकली, घरातली माणसं वाचली. धावत तो लेकीच्या गावी पोचला तेव्हा उजाडलं होतं, पण गाव नव्हतं. जावई विसर्जनाच्या मिरवणुकीला गेला होता म्हणून वाचला. विशाखा आत होती. ग्यानोबानं हातांनी माती उकरली. त्यानंच ठोकलेली माती ती, इतकी पक्की बसलेली की नखं मोडली तरी ढेकूळ फुटेना. आपलं काम किती चांगलं आहे, हे त्याला त्या सकाळी कळलं.

त्यानंतर त्यानं धुम्मस हातात धरलं नाही.

पडलेली गावं सरकारनं दुसरीकडे वसवली. जुन्या जागी ढिगारे राहिले आणि ते बघायला गाड्या येऊ लागल्या. आधी मदतवाले आले, मग पेपरवाले, मग वर्षं सरली तशा तुळजापूर करून परतणाऱ्या सहली. लेकीचं गाव रस्त्याकाठी, त्यामुळे गाड्या तिथंच थांबत. ग्यानोबा रोजानं कामाला जाता-येता तिथं रेंगाळायचा, आणि कुणी विचारलं की दाखवायचा. ही चावडी, हा मारुती, ह्या घरात अकरा माणसं. सांगायचा चांगलं, बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे. फक्त बौद्धवाड्यातल्या एका ढिगाऱ्यापाशी त्याची पावलं भराभर पडत.

"अन् हे कुणाचं?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायचा, "हाय एकाचं." एवढं बोलून पुढच्या ढिगाऱ्याकडे वळायचा. वीस वर्षं त्यानं एवढंच उत्तर दिलं.

दरम्यान लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. जिथं बघावं तिथं डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांचे फोटो, आणि गल्लोगल्ली होस्टेलं. ग्यानोबाचा मुलगा प्रेम पुण्यात कंपनीत कंत्राटी कामाला होता. त्याची पोरगी महामाया दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात आली. डॉक्टर व्हायचं, असं तिनं सातवीतच ठरवून टाकलं होतं. पण लातूरला ठेवायची कुठं आणि कशाच्या जोरावर? तेव्हा वसंतराव भेटले. गणिताचे निवृत्त शिक्षक, मुलींचं होस्टेल चालवायचे. पोरीची गुणपत्रिका त्यांनी दोनदा वाचली.

"ग्यानोबा, तुम्ही दोघं इथंच या. तुम्ही दार सांभाळा, वहिनी स्वयंपाकघर बघतील. पोरीचं राहणं-जेवण माझ्याकडे लागलं," ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. महामायाची अडलेली गणितं ते संध्याकाळी स्वतः बसून सोडवून द्यायचे.

दोन वर्षं बरी गेली. मग आला सोळा सालचा उन्हाळा. लातूरचे नळ कोरडे पडले, रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. ज्या होस्टेलात पाणी, तिथं पोरी टिकणार, बाकीच्या घरी जाणार. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली. वसंतरावांनी गच्चीवर टाक्या चढवायला सुरुवात केली. आधी चार, मग आठ, मग बारा. इमारत मुळात दोन मजल्यांची, तिच्यावर तिसरा मजला गेल्याच वर्षी घातलेला. टँकर मिळेल तेव्हा सगळ्या टाक्या काठोकाठ भरून घ्यायचं काम ग्यानोबाकडे होतं.

एका सकाळी जिना झाडताना त्याला जिन्याखालच्या भिंतीत, तुळईशी, तडा दिसला. केसाएवढाच. त्यानं वाटीत चुना कालवला आणि तड्यावर आडवा टिळा ओढला. जुन्या गवंड्यांची ती रीत आहे. टिळा शाबूत राहिला तर तडा जुना, झोपलेला. टिळा मोडला तर भिंत चालतेय, म्हणजे अजून सरकतेय.

तिसऱ्या दिवशी टिळा मधोमध मोडला होता.

दुपारी महामाया पुस्तक घेऊन दाराशी बसली होती. त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "माय, दोन हजार लिटरची टाकी म्हंजे वजन किती गं?"

"दोन हजार किलो, आबा. दोन टन."

"अन् अशा बारा?"

"चोवीस टन. का बरं?"

"काय न्हाई. तू अभ्यास कर."

संध्याकाळी तो वसंतरावांकडे गेला. टिळा दाखवला. वसंतरावांनी चष्मा सावरून बघितला आणि म्हणाले, "अहो, हे आरसीसी आहे. तुमचं माळवद नव्हे. इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतलाय."

"नकाशात टाक्या व्हत्या का, सर?"

वसंतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "परीक्षा झाली की उतरवू. आज पाणी नाही म्हटलं तर सत्तर पोरी घरी जातील. तुमची महामाया कुठं जाईल, ग्यानोबा?"

ही धमकी नव्हती, खरोखरचाच प्रश्न होता, आणि म्हणून तो जास्त बोचला. धुरपताबाईनं तर ऐकून हातच जोडले. "पंधरा-वीस दिस तोंड शिवून घ्या. पोरीच्या जल्माचं वाटोळं करू नका." ग्यानोबानं तोंड शिवलं. पण पोरी जिन्यावरून धावत उतरल्या की तो आधी तड्याकडे बघायचा.

पुढच्या रविवारी अकरावीच्या प्रवेशासाठी चौकशीला पालक आले, कुणी मुखेडचे, कुणी उमरीचे, कुणी चाकूरचे. एवढं लांब आलोच आहोत तर खरोशाच्या लेण्या आणि ते भूकंपाचं गाव बघून येऊ, असा बेत निघाला. वसंतरावांनी हौसेनं जीप करून दिली. "आमचे ग्यानोबा त्याच भागातले, सगळं दाखवतील."

खरोशाला टेकडीत कोरलेल्या लेण्या बघून लोक खूश झाले. बुद्धाच्या मूर्तीपुढं ग्यानोबानं हात जोडले आणि उगाच मान वर करून बघत राहिला. इथं माणसांनी वर काही चढवलं नव्हतं, आतून काढत गेले होते, आणि एवढी शतकं ते उभं होतं. ही गोष्ट त्याच्या मनातून जाईना.

मग जुनं गाव. चावडी झाली, मारुती झाला. पालकांत मुखेडच्या एक शिक्षिका होत्या, त्यांची मनस्विनी नावाची मुलगी सोबत होती. तीच त्या ढिगाऱ्यापाशी थांबली. "मामा, हे कोणाचं घर?"

ग्यानोबाची पावलं नेहमीसारखी उचलली गेली. आणि थांबली. पोरीच्या खांद्याला दप्तर होतं, पायात नवी चप्पल. विशाखा गेली तेव्हा हिच्याहून चारेक वर्षांनीच मोठी असेल.

"माझ्या लेकीचं," तो म्हणाला. "अन् तिला भूकंपानं मारलं न्हाई. म्या मारलं. ही माती म्या घातली हिच्यावर. गळू नये म्हनून."

वीस-बावीस वर्षांचं सगळं त्यानं तिथं उभ्या उभ्या सांगितलं. टोपल्या, धुम्मस, फळीवर गेलेली पातेली. मग शिक्षिका बाईंनी हळूच विचारलं, "मामा, होस्टेलच्या गच्चीवर मी सकाळी टाक्या बघितल्या. किती आहेत हो त्या?"

दोन-चार म्हटलं असतं तर भागलं असतं. महामायाची परीक्षा बारा दिवसांवर होती. तिचं अंथरूण, तिचं जेवण, वसंतरावांचे उपकार, धुरपताबाईचे जोडलेले हात, सगळं त्याला दिसलं.

"बारा," तो म्हणाला. "अन् जिन्याखाली तडा हाय. चालता हाय."

संध्याकाळपर्यंत होस्टेलात गलका झाला. पालकांनी तडा बघितला, मोडका टिळा बघितला, फोन गेले, निम्म्या पोरींनी बॅगा भरल्या. दुसऱ्या दिवशी टाक्या खाली आल्या. वसंतराव ओरडले नाहीत.

"आधी माझ्याशी बोलायचं होतं, ग्यानोबा."

"बोललो व्हतो, सर."

"हो," ते म्हणाले. "बोलला होतात. पण आता तुम्हाला ठेवणं मला जमायचं नाही."

निघताना ग्यानोबानं त्या तड्यावर नवा टिळा ओढला. तो मोडला की राहिला, ते त्याला कधीच कळलं नाही.

तिघं लातूरच्याच वेशीबाहेर एका नातलगाच्या खोलीत गेली. तिथं घागरभर पाण्यासाठी चार-चार तास रांग. धुरपताबाईचा गुडघा सुजला, म्हणून महामायाच पुस्तक काखेत धरून टँकरपाशी उभी राहायची. परीक्षेत थोडक्या मार्कांनी तिचा नंबर हुकला. निकालाच्या दिवशी ती रडली नाही, तेच ग्यानोबाला सहन झालं नाही.

"आबा, बारा दिवस फक्त," ती म्हणाली. "बारा दिवस उभी राहिली नसती का ती बिल्डिंग?"

राहिली असती. अजूनही उभी आहे. वरचा मजला तसाच आहे, आत पोरी आहेत, दारावर नवे फोटो आहेत. भेटतील ते ओळखीचे लोक टोमणा मारतात, "काय ग्यानोबा, पडली न्हाई की तुमची बिल्डिंग!" तो म्हणतो, "न पडो." आणि त्या रस्त्यानं जाताना एकदा मान वर करून गच्ची बघून घेतो.

महामायानं नांदेडला नर्सिंग केलं. घरी फोन करायची तो धुरपताबाईला. आबांची तब्येत विचारायची, पण फोन आबांना द्या असं चार वर्षांत म्हणाली नाही. त्यानंही कधी मागितला नाही. मागायला तोंड कुठं होतं?

गेल्या उन्हाळ्यात तिला मुखेडकडच्या एका गावी नोकरी लागली. आठवड्यानं फोन आला आणि धुरपताबाईनं तो ग्यानोबाच्या हातात दिला. "तुमालाच मागायलीय," ती म्हणाली.

"आबा," पलीकडून महामाया म्हणाली, "भाड्यानं खोली घेतलीय. तिच्या भिंतीला तडा आहे. बारीक आहे. मी चुन्याचा टिळा लावलाय."

ग्यानोबानं फोन कानाला घट्ट धरला. मग म्हणाला, "चुना कुठला घेतला?"

"पानटपरीवरचा."

"त्यो चालत न्हाई, लवकर सुकत न्हाई त्यो. कळीचा चुना घे, घट कालव."

"बरं. आणि मोडला तर?"

"मोडला तर भाईर पड. कुनाला इचारत बसू नको."

"परीक्षा बारा दिवसांवर असली तरी?"

"असली तरी, माय."

"हो, आबा," ती म्हणाली.