डबा कोणाचा?

“इनको बिठाओ मत. खुद कोटे से पढ़ी हैं, कोटेवालों की तरफदारी तो करेंगी ही.”

संचालक माझ्याकडे न बघता बोलले. समोर बसलेल्या वर्गशिक्षिका हसल्या. बाजूला खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभी. शाळेची मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांनीच मला ठेवलं होतं, कारण मान्यतेसाठी एक दाखवावी लागत होती. खोली दिली जिन्याखालची, फाटक्या फुटबॉलांची. मुलं मला ‘पागलवाली मॅडम’ म्हणायची. नाव मुलांनी ठेवलेलं नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी संचालकांनीच माईकवरून तशी ओळख करून दिली होती.

नवा कायदा आला होता. बुऱ्हाणपूरच्या खाजगी शाळांना गरिबांची काही मुलं कोट्यातून फुकट घ्यावीच लागत होती. घेतली. मग एकेक करून ती दिसेनाशी व्हायला लागली. विचारलं की उत्तर ठरलेलं, “घरवाले ले गए.” भांडण नाही, आरडाओरडा नाही. बाक रिकामा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाकही उचललेला असायचा. मला भीती वाटायची. खरंच वाटायची.

आता पाळी पायलची होती. पोरगी पहिलीतली, आई फोपनारच्या केळीच्या बागांत मजुरीला. संचालकांनी पुढे सरकवलेला अहवाल आधीच टाईप केलेला होता. मुलगी मंदबुद्धी आहे, सामान्य वर्गात ठेवू नये. खाली माझं नाव, सहीला जागा. मी तिला अजून तपासलंही नव्हतं.

“कुछ बोलती ही नहीं,” वर्गशिक्षिका म्हणाल्या. “पहले बोलती थी तो हर बात को मना. पूछो, ये डब्बा किसका है? बोलेगी, मना. मैंने कहा, मना करती है तो मत खा. उठाके रख दिया.”

मी अहवाल घेऊन बाहेर पडले. पायलला खोलीत आणलं. दाराची कडी कोणीतरी काढून नेली होती, बाहेर शिपाई कान देऊन उभा. पायल आधी दाराकडे बघायची, मग माझ्याकडे. तपासणीसाठी मांडलेल्या ठोकळ्यांना तिने हात लावला नाही. मग मी तिचाच डबा टेबलावर ठेवला आणि आमच्या घरच्या बोलीत विचारलं, “हाऊ डबा कोना शे?”

तिने दोन्ही हातांनी डबा पोटाशी ओढला.

“मना.”

मना. खानदेशीत, माझा. माझी आई आजही असंच बोलते. पोरगी सांगत होती माझा आहे, आणि बाई तिच्यापुढून डबा उचलून नेत होत्या. उपाशी राहून राहून पोरीने बोलणंच सोडलं होतं. माझ्या अंगाची आग झाली. पुढचे सगळे प्रश्न मी त्याच बोलीत विचारले. तिने ठोकळे भराभर लावले.

संचालकांना सांगितलं. वाटलं, चूक झाली म्हणतील. भाबडी होते मी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनचं टोपण काढलं, पेन माझ्यापुढे धरलं.

“भाषा-वाषा छोड़िए, साइन कीजिए. आपकी माताजी राजपुरा में अकेली रहती हैं ना? दिनभर?”

आवाज गोड. गेलेल्या मुलांच्या घरीही हाच गोड आवाज पोचला असणार. आणि कोटेवाली म्हणून मला का हिणवलं, तेही तेव्हाच कळलं. मी लाजावं. आपण त्या पोरांपैकी नाही हे दाखवायला झटकन सही ठोकावी. एवढ्यासाठीच.

“मी त्यांच्यातलीच आहे, सर,” मी मराठीत म्हणाले. “सही होणार नाही.”

त्याच संध्याकाळी आईला नेपानगरला मावशीकडे पोचवलं. अहवाल हाताने लिहिला. मुलगी हुशार आहे. तिची बोली वर्गात कोणी समजून घेत नाही आणि तिचं जेवण काढून घेतलं जातं. एक प्रत शिक्षण कार्यालयात दिली. दुसरी पायलच्या आईला वाचून दाखवली.

“आते काय व्हई, बाई?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. खोटा धीर द्यायचा नव्हता.

दुसऱ्या सकाळी पायलचा हात धरून मी फाटकाशी गेले. शिपाई आडवा आला. म्हटलं, बाजूला हो, दादा. झाला. उद्या होईलच असं नाही. मला कामावरून काढतील, आणखी काय करतील ठाऊक नाही. भीती अजून आहे. पण रोज सकाळी या पोरीला मी फाटकापर्यंत आणणार. आत घ्यायचं की नाही, ते त्यांनी सगळ्या गावासमोर ठरवावं.