नळाला पाणी येईपर्यंतचा वर्ग

या ब्लॉगवर आपण आजवर माझ्याबरोबर आलात ते बहुधा तीर्थांना. कधी गोदावरीच्या घाटांवर, कधी दक्षिणेच्या गोपुरांच्या सावलीत. यंदाच्या ज्येष्ठात मी केलेला प्रवास मात्र पुणे शहराची हद्दही ओलांडत नाही. जाऊन-येऊन दोन दिवस लागले आणि दोन्ही रात्री मी घरच्याच अंथरुणावर निजलो. तरीही परतल्यापासून मन अजून पुरते घरी आलेले नाही, म्हणून हे लेखन.

निमित्त सरकारी होते. निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणून शहराच्या प्रौढ शिक्षण समन्वय समितीवर मला घेतलेले आहे. मोठ्या माणसांना अक्षर शिकवण्यासाठी राज्याचा पैसा आमच्याकडे दोन वाटांनी येतो, शिक्षण विभागाकडून आणि कामगार कल्याणाकडून. आणि या दोन वाटा शेजारून वाहत असूनही एकमेकींना ओळखत नाहीत. विश्रांतवाडीचा बायकांचा वर्ग पहिल्या वाटेवरचा, खडकीचा कामगारांचा वर्ग दुसऱ्या वाटेवरचा. आता शासनाचे नवे धोरण आले की एका परिसरात एकच वर्ग आणि एकच अनुदान असावे. आमच्या समन्वय अधिकारी देशमुख बाईंनी बैठकीत नकाशा पसरला आणि दोन्ही वर्ग आपल्या एका तळव्याखाली झाकून दाखवले. खडकीला सभागृह आहे, तेव्हा विश्रांतवाडीचा वर्ग जूनअखेर तिकडे विलीन करावा, असा प्रस्ताव होता.

मी म्हटले, मत देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी जाऊन यावे असे वाटते.

"अवश्य या," बाई म्हणाल्या. "प्रवासभत्ता मिळणार नाही. नकाशा मात्र इथे फुकट बघता येतो."

दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून मनपाच्या थांब्यावरून आळंदीकडे जाणारी बस धरली. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे. खिडकी मिळते आणि दहाच्या नोटेत तिकीट भागते. संगमाजवळ नदी दिसली. पाणी थोडेच होते, पण त्यावर धुक्याचा एक विरळ पदर होता आणि पलीकडच्या झाडांची टोके त्यातून अशी वर आली होती की जणू झाडांना खोडेच नव्हती. येरवड्यानंतर पांढऱ्या शुभ्र कंपनी-बसगाड्या समोरून येऊ लागल्या. काचा बंद, आत गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले-मुली डोळे मिटून बसलेली. त्या गाड्यांच्या काचांवर गुलमोहोर क्षणभर उमटे आणि ओघळून जाई. आमच्या पिढीने कधी न ऐकलेल्या कामांसाठी निघालेली ही झोपलेली पिढी पाहताना, आपण जागे आहोत की त्यांच्या स्वप्नातून चाललो आहोत, असा एक गोड संभ्रम मला झाला.

विश्रांतवाडीच्या चौकात उतरून पोहे घेतले. गरम आणि सढळ लिंबाचे, घ्यावेत असे. तिथून डावीकडच्या वस्तीत वर्ग विचारत निघालो तर कुणालाच वर्ग ठाऊक नव्हता. शेवटी एका दुकानदाराने विचारले, "गौरीताईचा नळ शोधताय का?"

गौरी ही तिथली शिक्षिका. वस्तीतलीच, पदवीधर, शिक्षण विभागाच्या मानधनावर काम करणारी. तिचा वर्ग म्हणजे गल्लीच्या टोकाचा सार्वजनिक नळ. उन्हाळ्यात पाणी सकाळी कधीतरी येते. नेमके कधी, हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून घराघरांतली एक बाई तिथे हंडे लावून बसून राहते. पूर्वी हा वेळ उखाळ्यापाखाळ्यांत जाई. गौरीने तोच वेळ मागून घेतला. सरकारने पाट्या दिल्या आहेत, पण खडू कोणत्या विभागाने द्यायचे हे अद्याप ठरलेले नाही. म्हणून बायका हंड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोट बुडवून नळाच्या शहाबादी फरशीवर अक्षर काढतात.

मी पिंपळाच्या पारावर बसून पाहत राहिलो. ओल्या बोटाने काढलेला 'म' फरशीवर काळाभोर उमटे, कडांपासून फिका होत जाई, आणि ऊन त्याला अलगद पुसून टाकी. मग ती बाई पुन्हा काढी. रोषही नाही, घाईही नाही. पहाटे अंगणात रांगोळी घालणाऱ्या हातांना ती संध्याकाळपर्यंत विस्कटणार हे ठाऊक असते, तसेच काहीसे. पितळेच्या आणि स्टीलच्या हंड्यांवर सकाळचे ऊन हलत होते, त्यांचे कवडसे भिंतीवर थरथरत होते, आणि त्या थरथरीत बाराखडी मंद स्वरात चालली होती. पाठशाळेत आम्ही मुले ओळीने बसून म्हणत असू, तो नाद इतक्या वर्षांनी मला हंड्यांच्या रांगेत ऐकू आला.

गौरीने माझी ओळख करून दिली आणि मी का आलो तेही न लपवता सांगितले. बायकांतल्या लताबाई तेवढ्या बोलल्या. त्या चंद्रपूरकडच्या; नवऱ्याबरोबर कामासाठी इकडे आलेल्या, एका संगणक कंपनीच्या इमारतीत दुपारपासून साफसफाई करतात. त्यांच्या वस्तीत बुद्ध विहार आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो आणि वाचणारा वारागणिक बदलतो. यंदा आठवड्याच्या सुटीच्या दिवसाचे वाचन लताबाईंनी मागून घेतले होते. आषाढी पौर्णिमेपासून प्रारंभ. साधी अक्षरे त्यांना येत होती, जोडाक्षरे अजून अडखळत होती, आणि वर्ग जूनअखेर जाणार होता.

"मले यंदा विहारात वाचाचं हाय जी, गुरुजी," त्या म्हणाल्या. "सासरे वाचत होते, माया नवरा वाचते. मी निस्ती आयकत आली."

मी विचारले की खडकीला सभागृह आहे, पंखे आहेत, तिकडे जाता येणार नाही का?

"जाऊ ना. पन आमचं पानी तिकडं येते का जी?"

कुणीतरी खुदकन हसले. मागून एक वयस्क बाई म्हणाली की सरकारला सांगा, नळही तिकडे विलीन करा. तेवढ्यात नळाने घशात खाकरल्यासारखा आवाज केला. वर्ग जसा होता तसा उठला आणि रांग झाली. फरशीवरची अक्षरे पहिल्याच धारेत वाहून गेली. गौरी म्हणाली, "हीच सुटीची घंटा."

दुपार टळल्यावर सहा आसनी रिक्षाने खडकीकडे निघालो. तिच्यात नऊजण होतो, हे जाणाऱ्याने मनाची तयारी म्हणून लक्षात ठेवावे. होळकर पुलाच्या अलीकडे मी मुद्दाम उतरलो आणि पुढे पायी गेलो. दगडी कमानींखाली मुळा नदीचे पाणी हिरवे, निश्चल. पलीकडे लष्करी हद्दीतले जुने वृक्ष रस्त्यावर एकमेकांत हात गुंफून उभे होते. त्या हिरव्या अंधारातून चालताना पावलांचाही आवाज येईना. चिंचेच्या बारीक पानांचा सडा वाऱ्याने थोडा पुढे सरके, मी त्यावर पाऊल ठेवी, तो पुन्हा पुढे सरके. शास्त्रांत वनप्रस्थानाची वर्णने आयुष्यभर शिकवली; ते वन असे बसच्या टप्प्यात असेल, हे कधी मनात आले नव्हते. रस्ता सुंदर आहे, यात संशय नाही. पण हंडा भरून, स्वयंपाक करून, दुपारच्या कामाआधी येथवर येऊन परत जायचे, हे मनाशी मोजू लागलो तेव्हा तो रस्ता हळूहळू लांबत गेला.

खडकीचा वर्ग कामगार वसाहतीच्या सभागृहात संध्याकाळी भरतो; विलीनीकरणानंतर बायकांसाठी तो सकाळीही भरणार होता. तिथले शिक्षक गायकवाड सर दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे गृहस्थ. त्यांनी बाके दाखवली, पंखे लावून दाखवले, आणि कशिद्याच्या रुमालाखाली झाकलेला संगणकही दाखवला. शिकायला आलेली माणसे मात्र पहिल्या बाकावरच संपत होती. नवी भरती नाही, जुने लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेले, तरुण मुले शिकलेली, असे त्यांनी चहा पिताना सांगितले.

"मला बाकं मिळाली, पंखे मिळाले, संगणक मिळाला," ते म्हणाले. "आता माणसं तेवढी विश्रांतवाडीहून मंजूर करून आणा."

हे विनोदाने म्हटले असले तरी त्यांचे डोळे हसत नव्हते. विलीनीकरण झाले नाही तर बंद होणारा वर्ग त्यांचा होता. मी त्यांना नळाविषयी सांगितले. त्यांनी कपातली साय चमच्याने एका बाजूला केली. मग म्हणाले की गुरुजी, तुम्ही बाईंना जे पाहिले तेच सांगा. माझी बाके रिकामी आहेत हेही सांगा. खडकी स्थानकावर शिवाजीनगरकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहताना आकाश गुलालासारखे झाले होते आणि मला पहिल्यांदाच वाटले की माझ्या मताला वजन नसते तर किती बरे झाले असते.

दुसरा दिवस बुधवार पेठेचा. देशमुख बाईंचे कार्यालय रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानांवरच्या मजल्यावर आहे. जाताना गणपतीचे बाहेरूनच दर्शन घेतले, जुन्या पुस्तकांच्या दुकानापाशी सवयीने रेंगाळलो. जिथे पूर्वी पोथ्या मांडलेल्या असत तिथे आता संगणकाच्या भाषांची जाडजूड पुस्तके उभी होती आणि त्यांच्यापुढे मुलांची दाटी. त्यांच्या चेहऱ्यांवर मला ओळखीची एकाग्रता दिसली. तिथून पायच निघेनात.

बाईंनी माझे सर्व ऐकून घेतले, हे मान्य केले पाहिजे.

"वर्गाला छप्पर नाही, फलक नाही, ठरलेली वेळ नाही," त्या म्हणाल्या. "मग तो वर्ग आहे हे मी वर कशावरून कळवू?"

मी म्हटले, "त्या पाण्याची वाट पाहतात, तेवढाच त्यांचा वेळ. वाट पाहणे खडकीला नेता येत नाही."

"वाट पाहण्यासाठी शासनाकडे लेखाशीर्ष नाही, गुरुजी."

लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातला तो रकाना, ज्याच्या नावावाचून सरकारी पैसा जागचा हलत नाही. मी गायकवाड सरांची रिकामी बाकेही सांगितली. दोन विभागांपैकी एकाचेच अनुदान राहणार, हे बाईंच्या हाती नव्हते. धोरण वरून आलेले. दोघांनाही तारण्याची युक्ती मला सुचली नाही. मग मी एवढेच मागितले की वर्ग न्यायचाच तर एक चातुर्मास जाऊ द्या. लताबाईंचे वाचन सांगितले. आमचा चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास एकाच पावसात येतात, हेही बोलून गेलो.

"आर्थिक वर्षात चातुर्मास कुठल्या तिमाहीत येतो?" बाईंनी विचारले. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. खाली कुठल्यातरी दुकानात एकाच वेळी अनेक रेडिओ तपासत होते आणि सगळ्यांतून वेगवेगळे आवाज येत होते. परत येऊन त्यांनी विचारले की पावसाळ्यात होळकर पुलावरून बायकांना पायी ये-जा करणे सोयीचे आहे का. मी म्हटले, मुळीच नाही.

"मग तसं म्हणा ना. हे शासनाला वाचता येतं."

निर्णय असा झाला: विलीनीकरण कायम, सभागृह खडकीचे, परंतु महिला प्रौढांच्या ये-जा करण्यातील गैरसोयीमुळे विश्रांतवाडीचा वर्ग पावसाळा संपेपर्यंत आहे तिथेच चालेल आणि गौरीचे मानधन तोवर चालू राहील. गायकवाड सरांची बाके दिवाळीपर्यंत रिकामीच राहतील, पण वर्गाचे नाव राहील.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरून गौरीला फोन केला. तिने ऐकले, दिवाळीनंतर काय, असे विचारले. मग तिने फोन लताबाईंकडे दिला. मागे पाण्याची धार हंड्यात पडत असल्याचा आवाज येत होता, रिकाम्या हंड्याचा खोल आणि भरत जाणारा चढा.

"भेटले का तीन महिने?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "मंग या आयकाले, गुरुजी. पन मधात चूक काढू नका जी. अडली तं अडू द्या मले."

त्यानंतर देवघरात बराच वेळ बसलो. पूजा झाली होती, समई मंदावली होती. जे मिळाले ते थोडे आहे, हे मला कळते. मी न्याय मागायला गेलो होतो आणि मुदत घेऊन आलो. पाऊस सरला की नळ तिथेच असेल, हंडे तिथेच असतील, आणि फरशीपाशी बसणारी गौरी कदाचित नसेल. एका परिसरात एकच वर्ग हे धोरण वाईट हेतूचे नाही; पैसा थोडा आहे आणि तो सांडू नये, असेच त्यालाही वाटते. पण परिसर म्हणजे काय, हे मला त्या रस्त्याने पायी जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

आपणांपैकी कुणाला जावेसे वाटले तर पाणी येण्यापूर्वी जावे. नंतर पाहण्यासारखे काही उरत नाही. ओली गल्ली असते आणि आपापल्या घरी निघालेल्या बायका.

उभा जन्म मी वाचले आणि इतरांनी ऐकले. आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी विहारात मी मागच्या सतरंजीवर बसणार आहे. लताबाई एखाद्या जोडाक्षरापाशी थांबतील. ते अक्षर माझ्या ओठांवर येईल, आणि मी ते तिथेच थांबवून ठेवीन, त्यांना सापडेपर्यंत.