लिगेज आणि लगेज

"ह्या चुकीचा बाप कोण?" पेपर तपासताना आमचे जीवशास्त्राचे सर मान वर न करता विचारायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांच्या कोपऱ्यात हसू. असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. ओरडत नाही, म्हणून जास्त धाक वाटतो.

भूमच्या कॉलेजात मी बारावीला होते. पुस्तक इंग्रजीत, पण सर फळ्यावर मराठीत लिहायचे. डीएनएची नक्कल कशी होते ते शिकवताना म्हणाले, "पेशी एकेक अक्षर जोडती आन् मागं वळून बघती. चुकलं की काढती. फ्लूचा विषाणू त्याच्या आरएनएची नक्कल मारतो, पण मागं बघत न्हाय. तुमच्यासारखा."

पुढं चाचणीत प्रश्न आला: डीएनएच्या नव्या साखळीतले तुकडे कोण जोडतं? उत्तर, लिगेज हे एन्झाइम. मी लिहिलं 'लगेज'. मागच्या बाकावर शबानानंही तेच. तिच्यामागं दत्तानं 'बॅग'. शेवटच्या बाकावर 'सामान'.

सरांनी शेवटून सुरुवात केली.

"सामान कुठनं आलं?"

"बॅगेतून, सर."

"आन् बॅग?"

"लगेज होतं, सर," दत्ता म्हणाला. "म्या सोपं केलं."

शबानानं माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे बाप तू व्हय," सर मला म्हणाले आणि यादी करू लागले. नावं प्राचार्यांकडं जाणार होती. एक जरी तक्रार आली तरी माझं कॉलेज बंद, असं घरी अण्णांनी बजावलेलं. मी वही पुढं केली.

"सर, मी फळ्यावरनं उतरवलं होतं."

सरांनी माझी वही पाहिली. मग शबानाची, मग आणखी दोघींची. सगळीकडं लगेज. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग यादीच्या डोक्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

"चला. समदेच जाऊ."

प्राचार्यांपुढं आम्ही ओळीनं उभे, सगळ्यात पुढं हात बांधून सर. यादी वाचून प्राचार्य इतके हसले की चहा टेबलावर सांडला. यादीनंच पुसला.

सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी मानपत्र छापलं. त्यात 'प्रदीर्घ सेवेबद्दल'चं 'प्रदीर्घ शेवेबद्दल' झालं. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. आम्ही माना खाली घातल्या. मग टोपण लावल्याचा आवाज आला.

"राहू द्या," म्हणाले.

मग ते लोहाऱ्याला लेकीकडं राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथंच वारले. त्यानंतर मी लेकीला भेटायला गेले होते. त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला मानपत्र टांगलेलं होतं, शेवेसकट.