मागच्या सीटवर दादा

मोटरसायकलची हौस आमच्या घरात दादाला होती. मी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. शाळा सायकलने दहा मिनिटांवर, आणि त्याहून लांब जायचं असेल तर एसटी होती. मला तेवढं पुरत होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कोर्टात कारकून. ऑफिस सुटलं की तो सरळ घरी यायचा नाही. कल्याण नाक्याजवळ एक गॅरेज होतं, तिथे जाऊन तासभर उभा राहायचा.

गॅरेजच्या चाचांनी तरुणपणी बारा-चौदा वर्षं कापड विणायच्या लूमवर काढली होती. त्या खडखडाटाने त्यांचे कान मंदावले, म्हणून लूम सोडून ते गाड्या दुरुस्त करायला लागले, आणि मग लक्षात आलं की या धंद्यालाही कान लागतात. ते काम दादाने आपण होऊन उचललं. चाचा गाडी चालू करून म्हणायचे, "साहब, जरा सुनो, क्या बोलती है?" दादा मान तिरकी करून ऐकायचा. "चेन ढीली है, चाचा. इंजन ठीक है." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

त्र्याऐंशी साली आम्ही दोघांनी मिळून गाडी घ्यायचं ठरवलं. चाचांकडे तीन जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. एक राजदूत, एक दोन सायलेन्सरची आणि एक बुलेट. दादा बुलेटभोवती दोनदा फिरला, टाकीवरून हात फिरवला आणि राजदूतपाशी येऊन थांबला.

"बुलेट नको?" मी विचारलं.

"पहिली गाडी अशी असावी की बंद पडली तर एकट्याने ढकलत घरी आणता आली पाहिजे."

मला ते शहाणपणाचं वाटलं. राजदूत घरी आली. वहिनीने हँडलला हार घातला, दादाच्या चार वर्षांच्या मुलीने हॉर्न वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. दादा तिला टाकीवर बसवून कोर्टापर्यंत नेऊन आणायचा. मी लांबूनच बघायचो.

पाच महिने झाले असतील. दिवेलागणीला गल्लीतला एक पोरगा धावत आला, दादा पडला म्हणून. मी गेलो तर लूमच्या गल्लीत सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जाड रूळ, लादलेली हातगाडी आडवी उभी होती आणि राजदूत तिच्याखाली अर्धी शिरलेली. दादाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तो एका कारखान्याच्या पायरीवर बसला होता. हातगाडीवाला रडकुंडीला येऊन सगळ्यांना सांगत होता, "मैं तो खडा था, भाई. मैं तो खडा ही था."

"त्याची चूक नाही," दादा मला म्हणाला. "मला गाडी दिसलीच नाही."

"एवढी मोठी हातगाडी?"

त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली. अंधार पडायला लागला की मला काही दिसत नाही. गॅरेजवरून चालत येताना मी भिंतीला हात लावत येतो. आज गाडी नेली आणि उशीर झाला."

मी रोज त्याच घरात राहत होतो, त्याच्या समोर बसून जेवत होतो. मला कळलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, दिवा मारून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, डोळ्यांचा पडदा आतून सुकत चालला आहे. बाजूचं आधी जाईल, समोरचं शेवटी. औषध नाही. "किती वर्षं?" दादाने विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कुणाला दहा लागतात, कुणाला वीस. येताना एसटीत तो खिडकीशी बसला आणि भिवंडी येईपर्यंत बाहेर बघत राहिला. उतरल्यावर म्हणाला, "उद्यापासून गाडी तू शिकायची."

अशी ती माझ्याकडे आली. शेलारला आमचं मूळ घर, तिथल्या माळावर दादाने मला शिकवलं. तो मधोमध उभा राहायचा आणि मी त्याच्याभोवती चकरा मारायचो. तो बघायचा नाही, नुसतं ऐकायचा आणि ओरडायचा, "क्लच! आता! रडतेय ती, गियर टाक!" मी चारदा पडलो. आमचे एक चुलतकाका बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "मास्तर, ह्याच्यापरीस बैल बरा हाय. हाक मारली तर थांबतो तरी." दादा पोट धरून हसला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला होता.

मग रोज सकाळी मी त्याला कोर्टात सोडून शाळेत जायला लागलो. रविवारी आम्ही दोघं गणेशपुरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचो. जाताना दोन्ही बाजूला भातशेती. दादाला ती अजून दिसत होती, पण मान वळवून वळवून बघावी लागायची. नळीतून बघितल्यासारखं झालंय, म्हणायचा.

राजदूत चार वर्षं चालली. त्यानंतर मी शंभर सीसीची, जपानी इंजिनाची नवी गाडी घेतली. घरी सांगितलं की राजदूत चढावर दोघांना घेऊन दमते, दादाला त्रास होतो. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. शाळेतल्या एका शिक्षकाची तशी गाडी मी एकदा चालवून बघितली होती. मूठ पिळली की ती अंगाखालून निघून जाईल की काय असं वाटायचं. वयाच्या तिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कसली तरी हौस लागली आणि ती मी दादाच्या नावावर खपवली.

दादाने नव्या गाडीचा आवाज ऐकला. "हलकी आहे," म्हणाला. "आणि घाईची."

त्याने तेवढंच म्हटलं. मी ते कौतुक समजलो.

एकोणनव्वदमध्ये दादाला नोकरी सोडावी लागली. कागद नाकाला लावूनही अक्षर लागेना. त्यानंतरच्या वर्षी अपंगत्वाचा दाखला काढायला त्याला घेऊन मी ठाण्याला गेलो. तो दिवस भलताच लांबला. या खोलीतून त्या खोलीत, हे साहेब जेवायला गेलेत, ते साहेब रजेवर. परत निघालो तेव्हा चार वाजले होते आणि मी चिडलेला होतो. बाळकूम मागे पडलं. कशेळीच्या पुलावर कापडाच्या गाठी भरलेला एक ट्रक पुढे धुरळा उडवत रांगत होता. मी दोनदा डोकं बाहेर काढून बघितलं आणि तिसऱ्यांदा मूठ पिळली. अर्ध्यावर गेलो तर समोरून टँकर. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे मागे खेचली. मागचं चाक सरकलं.

मी गाडीसकट आडवा झालो आणि लगेच उठलो. मला खरचटलंही नव्हतं. दादा पुलाच्या कठड्यापाशी पडला होता. एका हातावर उठून बसायचा प्रयत्न करत होता आणि तो हात भलतीकडेच वाकला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. तो उजवीकडे तोंड करून हाका मारत होता.

"कुठे आहेस? लागलं का तुला? अरे, बोल ना, कुठे आहेस?"

मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो गप्प झाला.

मनगट आणि गळ्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण मनगट कायमचं थोडं वाकडं राहिलं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. फक्त त्यानंतर गाडीवर बसला नाही. कुठे जायचं असलं की म्हणायचा, "मी रिक्षाने जातो," किंवा "तुझी शाळा आहे, वहिनी येईल माझ्याबरोबर." मी समजलो, गाडीची धास्ती बसली असेल, जाईल हळूहळू. मी मात्र गाडी चालवत होतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वीसारखीच चालवत होतो.

एकदा जेवताना मी वहिनीला म्हटलं, "दादाला समजवा. एकदा पडला म्हणून आयुष्यभर गाडीला भ्यायचं का?" दादा बाहेर होता.

वहिनी ताटात आमटी वाढत होती. ती थांबली. "भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना गाडीची भीती नाही वाटत. तुमची वाटते."

मी हात धुऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या शिपायाला म्हटलं, गाडी तू चालव, मी मागे बसतो. आणि डोळ्यांवर रुमाल बांधला. त्याला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. शाळेपासून कल्याण नाका, फार तर दोन किलोमीटर. शिपाई गाडी अगदी बेताने चालवत होता. तरीही पहिल्या वळणाला मी त्याची कंबर घट्ट धरली. डोळे उघडे असले की खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. रुमालाआड प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येत होता. ब्रेक का लागला, कळत नव्हतं. कानाशी हॉर्न वाजला की वाटायचं, आता आलंच अंगावर. नाक्यावर उतरलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सात वर्षं दादा असाच माझ्यामागे बसला होता, आणि दर वर्षी त्याला आदल्या वर्षीपेक्षा कमी दिसत होतं.

घरी जाऊन त्याला म्हटलं, "एकदा बस. मी बोलत बोलत चालवीन."

"बघू," तो म्हणाला. ते बघू दीड वर्ष चाललं.

मधल्या काळात त्याला एसटी स्टँडजवळ टेलिफोनचा बूथ मिळाला. दिवसभर तिथे बसायचा, बोटांनी नंबर फिरवून द्यायचा, लोकांची गावाकडची बोलणी ऐकायचा. लूमवरचे कामगार बायका-पोरांशी बोलताना रडायचे ते त्याला पाठ होतं. त्याचा चेहरा पुन्हा खुलला. एका पावसाळी संध्याकाळी रिक्षा मिळेना. मी बूथपाशी गाडी घेऊन उभा होतो. तो काठी मुडपत म्हणाला, "चल. पण बोलायचं कबूल केलंयस."

मी बोललो. "स्पीडब्रेकर. ब्रेक मारतोय. आता डावीकडे. पुढे हातगाडी आहे, थांबतोय. निघालो." घरी पोचेपर्यंत माझा घसा सुकला. तो उतरला आणि म्हणाला, "ठीक आहे." त्यानंतर ते रोजचंच झालं. सिग्नलला माणसं वळून बघायची. शाळेतली मुलं माझी नक्कल करायची, तेही माझ्या कानावर आलं.

पंच्याण्णवमध्ये आम्ही बुलेट घेतली. दादा म्हणाला, आता घेऊ या. चाचांना तोवर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी इंजिन चालू करून त्यावर तळहात ठेवला, दादाने गुडघ्यावर बसून कान नेला, आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली. मी बाजूला उभा होतो, तिथे माझं काम नव्हतं.

बुलेटने माझी सगळी सवय मोडली. तिचा गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. किक मारण्याआधी हँडलजवळच्या मीटरचा काटा मधोमध आणायचा, तसं केलं नाही तर ती पाय उलटा फेकते. चाळिशीच्या तोंडावर मी पुन्हा शिकाऊ झालो. ब्रेक मारायला गेलो की गियर पडायचा. दादा मागून म्हणायचा, "घाई करू नकोस." आजवरच्या गाड्यांत सगळ्यात ताकदीची ती, आणि सगळ्यात हळू मी तीच चालवली. गणेशपुरीच्या रस्त्याला लागल्यावर, शेलार मागे पडलं की, दादा कधी कधी खांद्यावर थोपटायचा. "आता जरा गप्प बस. गाडी ऐकू दे." मग दोन-तीन मैल मी काही बोलायचो नाही.

पुलावरच्या त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला माफी मागायची होती. मागीन, मागीन म्हणत वर्षं गेली.

मग दादाची मुलगी लग्नाची झाली. तिला बघायला वाडा तालुक्यातले लोक आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील शेतकरी, साधे गृहस्थ. त्यांनी दादाच्या हाताकडे बघून विचारलं, "मनगटाला काय झालंय, हो?"

मी कप खाली ठेवला.

"गाडीवरून पडलो," दादा म्हणाला. "कशेळीच्या पुलावर. हा चालवत होता. चूक माझीच. ट्रकचा हॉर्न ऐकला, घाबरलो आणि मागे बसल्याबसल्या एकदम हललो. गाडीचा तोल गेला. याने सावरली म्हणून दोघं वाचलो."

पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. वहिनी दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. दादाने तसं का सांगितलं, ते मला ठाऊक नाही. नव्या सोयऱ्यांसमोर घरातलं उणं नको म्हणून असेल. किंवा इतक्या वर्षांत त्याने स्वतःला तेच सांगून घेतलं असेल. त्याने तर काही बघितलं नव्हतं. त्या क्षणी मला तोंड उघडून खरं सांगता आलं असतं. सगळं घर ऐकत होतं.

"चहा आणखी घ्या," मी पाहुण्यांना म्हटलं, आणि किटली आणायला आत गेलो.