वरच्या खोलीतल्या चार टाक्या

अण्णाला लकवा झाला तेव्हा आमच्या जुन्या हुबळीतल्या घराच्या वरच्या खोलीत माशांच्या अकरा टाक्या होत्या आणि त्यांतल्या एकीलाही मी तोवर हात लावलेला नव्हता. त्याने लावू दिला नव्हता. अण्णा माझा थोरला भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर तो तांब्याच्या तारा गुंडाळायचा आणि संध्याकाळी शटर ओढून सरळ वर जायचा. आम्ही दोघंच घरात. मी लग्न केलं नाही, त्याचं टिकलं नाही. एकाच छपराखाली वीस वर्षं राहूनही आमचं बोलणं गॅस संपला, नळ आला, एवढ्यावरच भागायचं.

तो सिक्लिड जातीचे मासे वाढवायचा, मुख्यतः एंजल. चपटे, त्रिकोणी, काळ्या पट्ट्यांचे, लांब पंखांचे. कोप्पीकर रोडवरच्या माशांच्या दुकानात त्याची पिल्लं जायची, पण विकण्यासाठी तो हे करत नव्हता. आठ-दहा पिल्लं एकत्र वाढवायची, त्यांतली कोणती दोन आपापली जोडी जमवतात ते पाहायचं, मग त्या जोडीला वेगळी टाकी द्यायची, ह्यात त्याला गोडी होती. जोडी माणसाने ठरवून चालत नाही, असं तो एकदा मला म्हणाला होता. तेव्हा मला त्यात टोमणा वाटला होता.

दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याचा उजवा हात आणि पाय गेलेले होते. बोलणं जड झालं होतं, पण कान दिला की कळायचं. खालच्या खोलीत खाट टाकली. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "पाणी बदललं?"

"कुठलं पाणी?"

"वरचं."

मी वर गेले. तीन टाक्यांत मासे उलटे तरंगत होते. बाकीचे जिवंत होते, ते कसे ते मला ठाऊक नाही. खाली येऊन मी खरं ते सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "सगळं नको. चार ठेव. बाकीचे दुकानात दे."

त्या चार टाक्या मी त्याच्याकडून शिकले. तो खाटेवरून सांगायचा, मी वर जाऊन करायची, खाली येऊन काय दिसलं ते सांगायची. नळाला आठवड्याने पाणी यायचं आणि त्यात क्लोरीन असायचा. म्हणून ते पाणी आधी निळ्या पिंपात दोन दिवस हवा सोडून ठेवायचं, मगच टाकीत घालायचं. घाई असलीच तर क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, ते घालायचे. अंडी घालायला जोडीला पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा करून द्यायचा. मासे अंडी घालतात आणि पंखांनी वारा घालत त्यांच्यापाशी उभे राहतात. पांढरी पडलेली अंडी वेचून खातात. आणि काही बिनसलं की सगळीच खातात.

आमची जोडी सगळीच खायची. अळणावरला लाकडाच्या वखारीत कारकून असलेले अण्णाचे एक मित्र होते, तेही एंजल वाढवायचे. त्यांनी ही जोडी दिली होती. दर पंधरा-वीस दिवसांनी पाइपावर अंड्यांच्या ओळी दिसायच्या आणि तिसऱ्या दिवशी पाइप साफ. अण्णा म्हणायचा, "तू फार वाकून बघतेस. घाबरतात ते." मग मी टाकीच्या तीन बाजूंना कागद चिकटवले. वाकायचं सोडलं.

पुढच्या खेपेस अंडी राहिली. दोन दिवसांनी त्यांना शेपट्या फुटल्या, पाइपावरच वळवळू लागल्या. आठवड्याने पिल्लं पोहायला लागली आणि नर-मादी त्यांच्या दोन्ही बाजूंनी फिरू लागली. एखादं पिल्लू लांब गेलं की नर ते तोंडात धरायचा आणि घोळक्यात आणून थुंकायचा. मी मोबाइलवर चित्रण करून अण्णाला दाखवलं. त्याने डाव्या हाताने मोबाइल धरला आणि तेच परत परत पाहिलं. त्याच्या तोंडाच्या वाकड्या कडेतून लाळ आली होती. मी ती पुसत असताना तो म्हणाला, "तुझा हात चांगला आहे." माझ्याविषयी काही चांगलं त्याच्या तोंडून ऐकल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

त्यानंतर रोजचा नेम झाला. मी धारवाडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. दुपारी बसने परत आले की आधी वर जायची, पिल्लांना खायला घालायची, थोडं चित्रण करायची, मग खाली येऊन तासभर त्याच्या खाटेशी बसायची. माशांवरून बोलणं सुरू व्हायचं आणि भलतीकडे जायचं. आई गेली त्या दिवसाचं. त्याच्या बायकोचं. माझं एक स्थळ त्याने परस्पर मोडलं होतं, त्याचंही. त्या गोष्टीबद्दल तो म्हणाला, "चुकलं माझं." मी उठून गेले नाही.

पिल्लं तीन आठवड्यांची होऊन त्यांचे पंख आकार घेत होते, त्या सुमारास नळ लांबला. अकरा दिवस पाणी आलं नाही. टाक्यांतलं पाणी आटून गढूळ झालं होतं. निळ्या पिंपात अर्धं पाणी राखून ठेवलेलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यांत घालणार होते. त्या संध्याकाळी अण्णाचं पोट बिघडलं. अंथरूण, चादरी, त्याचे कपडे, सगळं घाण झालं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि "राहू दे, राहू दे" म्हणत होता. घरात दुसरं पाणी नव्हतं. पिंपातलं सगळं पाणी मी त्याला पुसायला आणि चादरी धुवायला वापरलं.

सकाळी नळ आला. शाळेत परीक्षा होती, साडेसातची बस गाठायची होती. टाक्यांतलं पाणी पाहवत नव्हतं. मी वरच्या नळाला पाइप जोडला आणि चारही टाक्या सरळ भरल्या. थेंबांची बाटली उघडली तर तळाशी चिकटलेलं तेवढंच होतं. येताना आणू, एका दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. मनाशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

दुपारी दोनला आले तेव्हा पिल्लं काचेच्या तळाशी भुकटीसारखी पडली होती. मोठे मासे वर आडवे. नराचे कल्ले अजून हलत होते. मी त्याला बादलीत घातलं, प्यायचं उकळून गार केलेलं पाणी त्यात ओतलं आणि बाजूला बसून राहिले. तासाभराने तोही गेला. मागच्या दारी कढीलिंबाच्या बुंध्याशी खड्डा केला आणि सगळे पुरले. हात साबणाने तीनदा धुतले. मग त्याच्या खोलीत गेले.

"कशी आहेत?" अण्णाने विचारलं.

खरं सांगायचं तर पाणी कुठे गेलं हे सांगावं लागलं असतं. ते ऐकल्यावर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता. हे मी स्वतःला दिलेलं कारण. त्याच्या तोंडून माझ्या हाताबद्दल निघालेलं ते एक वाक्य मला गमवायचं नव्हतं, हे दुसरं.

"बरी आहेत," मी म्हटलं.

आदल्या दिवसांत घेतलेलं आणि त्याला न दाखवलेलं चित्रण मोबाइलमध्ये होतं. ते मी थोडं थोडं करून दाखवू लागले. वरचा हवेचा पंप मी बंद केला नाही, कारण त्याची घरघर खाली ऐकू जायची. रोज वर जायची, रिकाम्या टाक्यांसमोर पंधरा मिनिटं बसायची आणि खाली येऊन काहीतरी सांगायची. तोही सांगायचा, आता खाणं वाढव, आता निम्मी दुसऱ्या टाकीत घाल. मी म्हणायची, घातली. असे अडीच महिने काढले.

एका रविवारी अळणावरचे ते मित्र भेटायला आले. त्यांना मराठी समजायचं, पण बोलायचे कन्नडमध्येच. अण्णाशी थोडं बोलून ते उठले आणि मला म्हणाले, "अक्का, मीन नोडकोंड बर्तीनि." मासे पाहून येतो. मी म्हटलं, वर फार पसारा आहे, पुढच्या खेपेला पाहा. अण्णा खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे त्यांना वर."

ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, मग काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने खाली आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. माझ्याकडे बघून मग अण्णाला कन्नडमध्ये म्हणाले, "छान मोठी झालीत. उत्तम ठेवलीत अक्कांनी."

मी चहा केला, त्यांनी तो अर्धा टाकला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

मी आत आले तर अण्णा माझ्याकडेच पाहत होता.

"आणखी एकाला खोटं बोलायला लावलंस."

मी उभीच राहिले.

"तुझ्या हाताला साबणाचा वास येत होता त्या दिवशी. फार साबणाचा." तो दम घेत घेत बोलत होता. "आणि तुझ्या मोबाइलातली पिल्लं वाढतच नव्हती. मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "मासे नाहीत म्हटल्यावर तू बसणार नाहीस, असं वाटलं."

"असं कसं म्हणतोस, अण्णा?"

"बरं," तो म्हणाला. "पंप बंद कर. वीज जाते."

मी वर जाऊन पंप बंद केला. पाण्याचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. त्याने ओळखलं होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढचं लिहायला जड जातं. मी बसायचं सोडलं नाही, असं मला वाटत होतं. पण शाळेत नव्या वर्षाची कामं निघाली, घरी आले की पाठ दुखायची. वर जायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून खाली येऊन सांगण्यासारखंही काही नसायचं. त्याला जेवण भरवायची, औषधं द्यायची, कूस बदलायची. तासाभराचा अर्धा तास झाला, मग ताट उचलेपर्यंतचीच पाच मिनिटं राहिली. त्याने एकदाही हाक मारून थांबवलं नाही. दोघांनाही माशांचं नाव काढायचं नव्हतं आणि ते नाव टाळलं की आमच्यात पूर्वीसारखेच गॅस आणि नळ उरायचे.

दिवाळीनंतर त्याला दुसरा झटका आला. मी शाळेत होते. शेजारच्या बाईंनी फोन केला, बस मिळेपर्यंत वेळ गेला, आणि मी पोचले तेव्हा त्यांनी त्याचे डोळे मिटवले होते.

अळणावरचे मित्र दहाव्याला आले. टाक्या घेऊन जाल का, असं मी विचारलं. ते हो म्हणाले. छोटा टेम्पो बोलावून दोन माणसांनी एकेक टाकी जिन्यावरून उतरवली. त्या दिवशी घरात नातेवाईक होते, शाळेतल्या बाया होत्या. "भावाचं फार केलंस हो तू," असं जी ती म्हणत होती. मी कुणाचंही म्हणणं खोडून काढलं नाही. सगळ्यांना चहा दिला आणि कपबश्या विसळायला मागच्या दारी गेले.